बीअर पाणचट लागते? आधी हायड्रोमीटर बुडवा

घरी केलेल्या माझ्या पहिल्या तीन पेल एल (फिकट रंगाच्या बीअर) वासाला छान होत्या, रंगालाही छान. पण घोट घेतला की जिभेवरून पाण्यासारखा उतरून जायचा, तोंड म्हणून भरायचं नाही. रेसिपीत माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कमी पडतंय असं समजून मी दर वेळी ते वाढवत गेले. त्याने बीअर कडक झाली, पाणचटपणा मात्र तसाच राहिला.

उत्तर माझ्याच वहीत होतं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रावाची घनता, हायड्रोमीटर हीच मोजतो) १.०४८, शेवटची १.००६. ४८ पॉइंटांपैकी (दशांश चिन्हानंतरचे आकडे) ४२ गेले, म्हणजे ॲटेन्युएशन (आंबताना ग्रॅव्हिटी किती घटली ते प्रमाण) साडेसत्त्याऐंशी टक्के. त्या यीस्टकडून अपेक्षा होती पंचाहत्तरच्या आसपासची. यीस्टने इतकी साखर खाल्ली, कारण मी तिला खाता येईल अशीच साखर दिली होती.

मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत असताना, दोन एन्झाइम्सचं काम चालतं. बीटा ॲमिलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज तोडत जातं. त्याला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं. अल्फा साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि ७० अंशांच्या आसपास जोरात चालतं. त्यातून डेक्स्ट्रिन्सचे तुकडे उरतात. ते साध्या यीस्टला पचत नाहीत, म्हणून बीअरमध्येच राहतात आणि तिला भरीवपणा, म्हणजे बॉडी, देतात. मी वहीत ६६ अंश लिहीत होते. दुसरा, खात्रीचा थर्मामीटर शेजारी धरला तेव्हा खरं तापमान ६२ निघालं. माझा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बरोबर शून्य दाखवायचा, म्हणून मी निर्धास्त होते. तेव्हा थर्मामीटर तपासायचा तर मॅशच्या तापमानालाच तपासा. पुढची बॅच खऱ्या ६८ ला केली, बाकी काहीही न बदलता. ती १.०१३ वर थांबली आणि पहिल्याच घोटाला फरक जाणवला.

मोजतानाही चूक होते. नमुन्यातला गॅस हलवून काढून टाका, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असाल तर आंबवणीनंतर त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. अल्कोहोलमुळे तो चुकतो, दुरुस्तीचं गणित करावं लागतं.

ग्रॅव्हिटी आठवड्यामागून आठवडे खालीच जात असेल, तर प्रकरण वेगळं आहे. जंतुसंसर्ग असेल, किंवा डेक्स्ट्रिन्सही फोडून खाणारं डायस्टॅटिक यीस्ट (सेझॉन नावाच्या बीअरसाठीच्या काही यीस्ट जाती अशा असतात). अशी बीअर बाटलीत भरू नका. बाटल्या फुटतात आणि काच लागून गंभीर इजा होऊ शकते.

शेवटची ग्रॅव्हिटी १.०१२–१.०१४ आहे आणि तरीही पातळ लागते? मग मी आधी कार्बोनेशन, म्हणजे बीअरमधला गॅस, बघते. अर्धवट गॅस धरलेली बीअर चांगली बॉडी असूनही मेलेली लागते. २० अंशांना आंबवलेल्या एलला बाटलीत भरताना लिटरमागे ६ ग्रॅम साखर पुरते. त्यानंतर पाणी. सल्फेट जास्त असलं की चव कोरडी, टोकदार होते. क्लोराइड १०० पीपीएमच्या आसपास आणि सल्फेट त्याच्या निम्मं ठेवलं तर गोलाई येते. मग ओट्स. एकूण धान्याच्या आठ-दहा टक्के फ्लेक्ड ओट्सनी जो मऊपणा येतो तो मला क्रिस्टल माल्टपेक्षा (आतली साखर कॅरमेलसारखी झालेलं माल्ट) जास्त आवडतो, कारण क्रिस्टलने बॉडीबरोबर गोडीही येते. रेसिपीत साधी साखर असेल तर ती आधी काढा. ती पूर्णपणे आंबते आणि मागे काही ठेवत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

तयार झालेली पातळ बॅचही सुधारता येते. २० लिटरला १५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (डेक्स्ट्रिन्सची पावडर) थोड्या पाण्यात उकळून, गार करून, बाटलीत भरण्याआधी हलक्या हाताने मिसळायचं. ग्रॅव्हिटी साधारण तीन पॉइंट वर जाते. डायस्टॅटिक यीस्टच्या बॅचला मात्र हे अजिबात करू नका, ते यीस्ट हेही खाऊन टाकेल.