ज्युलियातला जुना कोड: साइन, लॉग, एक्स्पला डॉट कुठे लावायचा

नाशिकजवळ निफाडला आमची द्राक्षबाग आहे, तिथे तासातासाला तापमान नोंदवणारा लॉगर लावलाय, आणि डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज यावा म्हणून संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) काढणारा माझा ज्युलिया या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड आहे, पार तिच्या ०.५ आवृत्तीच्या काळातला. नव्या ज्युलियावर चालवला की पहिल्याच ओळीला मेथड एरर, म्हणजे अशा इनपुटवर हे फंक्शन चालत नाही. तेव्हा एक्स्प, लॉग, साइन या गणिती फंक्शनना आकड्यांच्या यादीचा अख्खा अ‍ॅरे दिला तरी ती एकेका आकड्यावर चालायची. ०.६ मध्ये वॉर्निंग यायला लागली आणि ऑगस्ट २०१८ ला १.० आलं तेव्हा ती सोय गेलेली होती.

आता एकेका आकड्यावर चालवायचं तर फंक्शनचं नाव आणि कंस यांच्या मधे डॉट द्यायचा, आणि बेरीज-भागाकाराच्या चिन्हाच्या आधी. माझी ओळ अशी झाली (कोड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही नेहमीसारखा टाइप करा, ता म्हणजे तापमानाचा अ‍ॅरे):

०.६१०८ .* एक्स्प.(१७.२७ .* ता ./ (ता .+ २३७.३))

सगळीकडे डॉट असले की ज्युलिया हे सगळं एकाच लूपमधे करते, मधले तात्पुरते अ‍ॅरे बनतच नाहीत. एखादा डॉट राहिला तर लूप तिथे तुटतो. पण वेळ जास्त लागतो एवढंच असतं तर चाललं असतं, खरा धोका चुकीच्या उत्तराचा आहे. भागाकाराचा डॉट माझ्याकडून राहिला होता, २४ तासांचे २४ आकडे दिले आणि परत आला २४ बाय २४ चा मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींचा आकड्यांचा तक्ता), एरर काहीच नाही! अ‍ॅरेला अ‍ॅरेने बिनडॉट भागलं की ज्युलिया मॅट्रिक्सचा भागाकार करते. एक्स्पचंही तसंच, त्याला चौरस मॅट्रिक्स बिनडॉट दिला, समजा २४ तास आणि २४ दिवस, तर मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल (एकेका आकड्याचं नव्हे, अख्ख्या मॅट्रिक्सचं एक्स्प) मिळतं, म्हणजे आकडे दिसतात पण बाष्पदाब नव्हे. जुन्या ज्युलियात त्याला एक्स्पएम असं वेगळं नाव होतं, म्हणून घोळ व्हायचा नाही.

इतके डॉट टाइप करायचा कंटाळा आला तर ओळीच्या सुरुवातीला अ‍ॅट-डॉट मॅक्रो (@.) लावा, तो सगळीकडे स्वतः डॉट टाकतो. मात्र त्याच ओळीत सरासरीचं मीन असेल तर त्यालाही डॉट लागतो, मग प्रत्येक आकड्याची सरासरी तो आकडाच, आणि ता वजा मीन केलं की सगळीकडे शून्य. मीन आधीच्या वेगळ्या ओळीत काढून ठेवा, मी तेच करतो. तिथेच ठेवायचं असेल तर मीनच्या आधी डॉलर लावा, त्याला डॉट लागत नाही.

अजून एक, २.*ता असं चिकटवून लिहिलं तर डॉट दशांशाचा की गुणाकाराचा हे ज्युलियाला कळत नाही आणि ती सिंटॅक्स एरर देते, आकड्यानंतर स्पेस सोडा. उत्तर आधीच बनवलेल्या अ‍ॅरेत भरायचं असेल तर बरोबरच्या चिन्हालाही डॉट द्या, रोज हजारो नोंदी येत असतील तर मेमरी वाचते. स्वतःचं फंक्शनही एका आकड्यासाठीच लिहा, वापरताना डॉट लावा, अ‍ॅरेसाठी वेगळं लिहायची गरजच नाही.

बदल झाला की २५ अंश देऊन बघा, साधारण ३.१७ किलोपास्कल यायला हवं, १० अंशाला १.२३. आणि साइझ फंक्शनने आत गेलेला अ‍ॅरे आणि बाहेर आलेला अ‍ॅरे सारखेच आहेत ना, हे प्रत्येक बदललेल्या ओळीनंतर तपासा.