टेस्टच्या ट्रॅकवर सराव करताय? या चुका टाळा

लर्निंग लायसन्स मिळून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. त्यातले २८ दिवस स्टेअरिंगला हात लावायचा नाही आणि उरलेल्या दोन दिवसांत ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या मारायच्या, हा अनेकांचा आवडता बेत.

सगळ्यात महागात पडते ती खुणांची घोकंपट्टी. ‘एच’मध्ये, म्हणजे इंग्रजी H अक्षराच्या आकाराच्या मार्गावर, गाडी मागे घेताना ‘खांब मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे’ हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो. मंत्र खोटा नाही, पण तो एकाच गाडीचा आणि सीटच्या एकाच जागेचा असतो. टेस्टच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या त्याच गाडीतून आधीचा उंच उमेदवार सीट मागे सरकवून उतरतो. पुढचा घाईघाईने तसाच बसतो. आरसेही आधीच्याच्या नजरेला लावलेले. डोळे चार बोटं मागे गेल्यामुळे खांब कोपऱ्यात दिसायला वीतभर उशीर होतो, स्टेअरिंग उशिरा फिरतं आणि उजवं मागचं चाक पलीकडच्या कडेला घासतं. तो उतरून म्हणतो, ‘काल तर दहाही वेळा बरोबर गेली होती!’ गेली असेल, काल सीट पुढे होती.

म्हणून सरावाच्या प्रत्येक फेरीआधी सीट मुद्दाम हलवायची आणि पुन्हा लावायची. मग आरसे, मग बेल्ट. डावा आरसा थोडा खाली, मागचं चाक आणि कड दोन्ही दिसतील इतका. नजर खांबावर नको, चाक आणि कड यांच्यातल्या फटीवर हवी. रेस द्यायची नाही, सगळा वेग क्लचवर.

टेस्ट ज्या गाडीवर, सरावही त्याच गाडीवर. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. शिवाय शेजारी मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक-क्लच असतील, तर गाडी नेमकी कोण चालवतंय हे त्यांनाच ठाऊक.

चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरणं ही दुसरी खोड. दिसायला कसब, प्रत्यक्षात क्लच प्लेट जाळणं. जळका वास आला की सराव थांबवा. योग्य क्रम असा: हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, इंजिनचा आवाज जड होऊन बॉनेट जरासं उचलेपर्यंत क्लच सोडा, हलकी रेस द्या आणि मग हँडब्रेक खाली. बहुतेक जण हँडब्रेक आधी सोडतात, म्हणून गाडी मागे घरंगळते.

‘आठ’ काढताना आतलं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत कापतं, त्यामुळे पुढचं बाहेरचं चाक बाहेरच्या कडेजवळच ठेवा. मधल्या फुलीवर स्टेअरिंग किती उलट फिरवायचं ते लक्षात राहत नसेल, तर आधी रिकाम्या मैदानात शिका.

दुचाकीवर पुढच्या चाकाकडे पाहिलंत की पाय टेकलाच म्हणून समजा. तोल सावरायला मागचा ब्रेक हलका लावा, पुढचा नको.

पांढऱ्यावर लाल ‘एल’ पुढे आणि मागे, दोन्हीकडे. कार असेल तर शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच. सैल चपला घरी ठेवा. आरसी, विमा, पीयूसी यांच्या तारखा आदल्या रात्रीच पाहा.

आणि टेस्टच्या सकाळी दोनच फेऱ्या. पंधरा मारल्यात तर क्लचवरचा पाय ऐन चढावर थरथरतो, आणि नापास झालात की पुढच्या टेस्टसाठी किमान सात दिवस थांबावं लागतं.