रात्रीचं आकाश छापताना: ठिपके आणि तुटक छटा

जपानी पद्धतीच्या लाकूडठशात प्रशियन निळ्याच्या आकाशावर पांढरे ठिपके उठत होते. याची कारणं दोन: कागद कोरडा आणि खळ कमी. आता कोझो कागद (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासूनचा जपानी कागद) आदल्या रात्रीच ओल्या कागदांच्या थरात घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. सकाळी तो हाताला गार लागावा, पण पाणी चमकू नये. ठशावर रंगाशेजारी वाटाण्याएवढी तांदळाची खळ टाकून ब्रशने नीट घोळवतो, शेवटचे हात आडवे.

दुसरा दोष बोकाशीचा, म्हणजे गडदाकडून फिक्याकडे विरत जाणाऱ्या छटेचा. छटा विरघळायच्या जागी रेघ पडत होती, कारण ठसा तिथे सुका राहायचा. आधी ओलं फडकं फिरवायचं, मग रंग ब्रशच्या एकाच टोकाला घ्यायचा.

गडद निळा एका हातात आणायला जाऊ नका. रंग साचतो, बारीक रेषा बुजतात. आधी पातळ करडा, त्यावर निळ्याचे तीन हात, प्रत्येक वेळी छटेची कड थोडी वर. रात्रीची खोली खरी इथेच येते! जपानी लाकूडठसा-चित्रकार कावासे हासुई (1883–1957) यांच्या चित्रांतल्या उजळ खिडक्या या दृष्टीने जरूर पाहा. खिडकी आणि चंद्र करड्या-निळ्या ठशांत कोरून काढायचे. पिवळ्यावर निळा चढला की खिडकी हिरवट दिसते, म्हणून कागद दरवेळी त्याच जागी यावा यासाठी ठशावर कोरलेल्या खाचांत तो घट्ट बसवा.