जुने संगणक : घेताना, विकताना आणि जपताना (ठाणे-नवी मुंबईच्या संग्राहकांसाठी)

जुन्या संगणकांचा संग्रह करू पाहणाऱ्याच्या मनात बहुधा कमोडोर ६४ किंवा झेडएक्स स्पेक्ट्रम ही नावे आधी येतात, कारण परदेशी संग्राहकांच्या चित्रफितींत तीच सतत दिसतात. दोन्ही यंत्रे १९८२ सालची आणि दोन्ही मोलाची आहेत. परंतु आपल्याकडे ती मुळातच मोजक्या घरांत आली, आणि आज ती बाहेरून मागवायची म्हटली तर वाहतूक, सीमाशुल्क आणि वापरलेल्या संगणकांच्या आयातीवरील परवान्याचे निर्बंध आडवे येतात. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या संग्राहकाने आधी आपल्याच पट्ट्यात जे संगणक राबले त्यांचा शोध घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारा ४८६, कारखान्यात यंत्र चालवणारा ३८६ (हे आकडे प्रोसेसरच्या पिढ्यांचे), बाजार समितीच्या गाळ्यात हिशेब ठेवणारा डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा पीसी, हे सारे अजून सापडते, परवडते, आणि त्याची हकीकत सांगणारी माणसे हयात आहेत. ही हकीकत यंत्रासोबत आली तर त्या संग्रहाला जो अर्थ येतो, तो नुसत्या दुर्मीळपणाने येत नाही.

कोठे शोधावे

पहिला मार्ग औद्योगिक वसाहतींचा आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे आणि तुर्भे येथील लहानमोठ्या कारखान्यांत आयसा स्लॉटचे, म्हणजे मदरबोर्डवरील जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारे, कार्ड लागणारी यंत्रे आणि चाचणीची उपकरणे होती. ती कार्डे नव्या मदरबोर्डवर बसत नाहीत, त्यामुळे जुना संगणक मुद्दाम सांभाळून ठेवलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्या जोडीला सुट्या भागांसाठी दुसराही असतो. मूळ यंत्र मोडीत निघाले की हे दोन्ही संगणक एकदम भंगारात जातात. देखभाल विभागातील एखाद्या जुन्या फोरमनशी ओळख असेल, तर ही बातमी भंगारवाल्याच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचू शकते. मात्र आयसा स्लॉट असलेल्या चालू बोर्डाला कारखान्यांकडूनही मागणी असते, म्हणून त्याची किंमत नुसत्या हौसेच्या बाजारावर ठरत नाही, हे भाव करताना ध्यानात ठेवावे.

दुसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध मार्ग म्हणजे जुने छापखाने आणि डीटीपीची, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारी, दुकाने. मराठी मजकूर संगणकावर कसा आला याचे पुरावे तेथे धूळ खात पडलेले असतात. जिस्ट कार्ड हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने वाढवलेले हे तंत्र संगणकाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या एका कार्डाच्या रूपाने मिळत असे, आणि त्यामुळे डॉसवरच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता आणि वाचता येई. असे कार्ड दिसले, तर ते ज्या संगणकात आहे तो सगळाच मागावा. चालक सॉफ्टवेअरची फ्लॉपी, पुस्तिका आणि इनस्क्रिप्टची, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळरचनेची, अक्षरे चिकटवलेला कीबोर्ड यांच्याशिवाय कार्ड अपुरे आहे. इंग्रजी के च्या कळीवर क आणि एच च्या कळीवर प दिसला, तर तो कीबोर्ड इनस्क्रिप्टचा आहे असे समजावे. मराठी फॉन्टच्या जुन्या संचांसोबत प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे एक कुलूप, म्हणजे डाँगल, मिळत असे. ते काडेपेटीएवढे असते, प्रिंटरच्या केबलला अडकून राहते आणि केबलबरोबर फेकले जाते. त्याच्याविना सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून दुकानदाराला त्याबद्दल वेगळे विचारावे.

शाळांच्या अडगळीत कधी कधी बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक सापडू शकतो, कारण १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक शिक्षणाच्या प्रकल्पातून तो भारतातील शाळांना देण्यात आला होता. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने डीबी स्पेक्ट्रम या नावाने काढलेला स्पेक्ट्रमचा भारतीय अवतारही अधूनमधून विक्रीस येतो. हे दोन्ही सोडू नयेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग, केबल आणि जोडण्या अजून मिळतात. पूर्ण जुने यंत्र मात्र तेथे क्वचितच दिसते.

भंगाराच्या वखारीत जायचे असेल तर एक गोष्ट आधी पाहावी. सिरॅमिक आवरणाच्या जुन्या प्रोसेसरमध्ये सोने असते, त्यामुळे ते काढून वेगळे विकले जातात आणि मागे रिकाम्या सॉकेटचा बोर्ड उरतो. कॅबिनेट वजनदार लागले म्हणजे आत सर्व आहे, असे नाही. स्क्रू काढून प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या आणि कार्डे जागेवर असल्याची खात्री करावी, आणि मगच यंत्र काट्यावर चढवू द्यावे.

पाहणी करताना

विकणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा : "काका, हे शेवटचं कधी चालू केलं होतं, आणि तेव्हा पडद्यावर काय दिसलं होतं?" उत्तरातून यंत्राची अवस्था कळते आणि हकीकतही हाती लागते. "चालू आहे" एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नये, कारण पंखा फिरतो इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. त्याच वेळी, आपल्यासमोर लगेच चालू करून दाखवण्याचा आग्रहही धरू नये. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम मेन्सला लावणे हाच त्याला मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

कॅबिनेट उघडल्यावर आधी बॅटरी शोधावी. २८६ पासून ४८६ पर्यंतच्या पुष्कळ बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, छोट्या पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बसवलेली असते. ती गळते, आणि गळलेला क्षार तांब्याच्या रेषा खात खात बोर्डावर पसरतो. बॅटरीभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी पूड, काळवंडलेले टाके आणि गंजलेला कीबोर्ड कंट्रोलर दिसला, तर नुकसान किती खोल गेले आहे ते भिंगाने पाहावे. डाग दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर बोर्ड बहुधा वाचतो. आयसा स्लॉटच्या पिनांपर्यंत आणि चिपांच्या खाली गेला असेल, तर तो सुट्या भागांच्या भावानेच घ्यावा. बॅटरी चांगली दिसली तरी घरी नेल्याबरोबर कापून टाकावी. गळती अल्कधर्मी असल्याने ती जागा आधी पांढऱ्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसावी, नंतर डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवावा.

पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटला नाक मुरडू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाच्या साहाय्याने ते पांढरे करण्याची पद्धत आहे, पण मी तिचा पुरस्कार करत नाही, कारण प्लॅस्टिक आधीच ठिसूळ झालेले असते आणि रंग पुन्हा परततो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कॅबिनेटवर देखभाल कराराची चिकटपट्टी, अभियंत्याने लिहिलेल्या तारखा आणि कचेरीचा पांढऱ्या रंगाने रंगवलेला मालमत्ता क्रमांक असतो. ते सारे जसेच्या तसे ठेवावे. हे यंत्र कोठे आणि कधी कामाला होते, याचा तोच लेखी दाखला आहे.

पहिल्यांदा वीज देताना

सर्वप्रथम एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डापासून वेगळा करावा. अमेरिकेतून कोणी सोबत आणलेले यंत्र असेल तर मागचा व्होल्टेजचा खटका ११५ वर नाही ना, हे पाहावे. आपल्या २३० व्होल्टवर तो तसाच राहिला तर क्षणात पुरवठा जळतो. बीबीसी मायक्रोच्या पुरवठ्यात मेन्सच्या बाजूला पारदर्शक, पिवळसर वेष्टनाचे रिफा कंपनीचे कागदी कॅपॅसिटर असतात. त्यांना तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि वीज मिळताच त्यांतून दाट, उग्र वासाचा धूर निघतो. पावसाळी हवेच्या आपल्या गावात ते न तपासता बदलूनच टाकावेत.

त्यानंतर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे वापरतात तो सिरीज बल्बचा बोर्ड घ्यावा, म्हणजे मेन्स आणि यंत्र यांच्या मधोमध तारेचा साधा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब येतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे पुढचा अनर्थ टळला आहे. जुने पुरवठे भाराशिवाय सुरू होत नाहीत, म्हणून एखादी निकामी पण फिरणारी हार्ड डिस्क भार म्हणून जोडावी. बल्बची चाचणी निभावली की पुरवठा थेट मेन्सवर घेऊन मल्टिमीटरने लाल तारेवर ५ आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट येतात का, हे मोजावे. आकडे बरोबर आले की पुरवठा बंद करून मगच बोर्डाला जोडावा. एटी या जुन्या प्रकारच्या पुरवठ्याचे दोन प्लग शेजारी-शेजारी बसतात, आणि त्यांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. प्लग उलटे बसले तर बोर्ड गेला म्हणून समजावे. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन उणे असते, तर कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर म्हातारपणी ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट देऊन रॅम जाळतो. तो आठवण म्हणून ठेवावा, वापरू नये.

मॉनिटरचे मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. चित्रनळीवर हजारो व्होल्टचा भार वीज बंद केल्यानंतरही राहू शकतो, आणि हे काम ज्यांनी आयुष्यभर केले अशा टीव्ही मेकॅनिककडेच ते सोपवावे.

पडदा उजळला की लगेच खेळ लावण्याचा मोह आवरावा आणि हार्ड डिस्कची प्रत काढावी. ती डिस्क पुन्हा फिरेल याची खात्री कोणी देत नाही. अगदी लहान क्षमतेच्या जुन्या डिस्क आजच्या यूएसबी जोडणीवर बहुधा ओळखल्या जात नाहीत, त्यामुळे आयडीई, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीचा, पोर्ट असलेला मधल्या काळातील एखादा पीसी हाताशी ठेवावा. बॅटरी गेलेल्या संगणकाला आपली डिस्क कोणती हे आठवत नाही, म्हणून डिस्कच्या लेबलवरील सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे आकडे लिहून ठेवावेत. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिची तबकडी हाताने फिरवून खिडकीतून पाहावी. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी एक फ्लॉपी ड्राइव्हचे हेड खराब करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडते.

भाव आणि व्यवहार

न तपासलेल्या यंत्राला, ते मृत निघाले तर त्याच्या सुट्या भागांचे जे मोल होईल, तेवढेच द्यावे. तपासलेल्या, प्रोग्रॅम चालवून दाखवलेल्या यंत्राला जास्त देण्यात कुचराई करू नये, कारण विकणाऱ्याने त्यावर वेळ आणि कौशल्य खर्च केलेले असते. ओएलएक्सवर कोणी काय मागतो यावरून भाव ठरवू नये. प्रत्यक्षात कोणत्या रकमेला सौदा झाला, तेच विचारावे. छापखान्याच्या वृद्ध मालकाला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नसेल तर ते त्यांना सांगून योग्य रक्कम देणे, हे मी प्रत्येक संग्राहकाचे कर्तव्य मानतो.

स्वतः विकताना बोर्डाचा, बॅटरीच्या जागेचा आणि चालू पडद्याचा असे वेगवेगळे फोटो द्यावेत, केलेल्या दुरुस्त्या लिहाव्यात, आणि न तपासलेले ते न तपासलेले म्हणूनच सांगावे. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकण्यास कोणी सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हार्ड डिस्कवर पूर्वीच्या मालकाचे हिशेब, ग्राहकांची नावे किंवा पगारपत्रके असतात. प्रोग्रॅम आणि फॉन्ट जपावेत, परंतु अशी खासगी माहिती पुढे जाऊ देऊ नये. चित्रनळीचा मॉनिटर कुरिअरने पाठवू नये, तो टेम्पोने किंवा रिक्षाने स्वतः पोहोचवावा. १९८० च्या दशकातील स्टेपर मोटरच्या हार्ड डिस्क हलवण्यापूर्वी पार्क ही आज्ञा देऊन हेड सुरक्षित जागी नेणे आवश्यक आहे.

पावसाळा

खाडीलगतच्या ऐरोली, वाशी किंवा कोपरीत जून ते सप्टेंबर हे चार महिने संग्रहाची खरी परीक्षा पाहतात. पोटमाळ्यावर, बाथरूमच्या भिंतीला लागून किंवा बंद गॅलरीत यंत्रे ठेवू नयेत. फ्लॉपी, पुस्तिका आणि सुटी कार्डे हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत, आत आर्द्रता मोजणारे छोटे मीटर ठेवावे, आणि आकडा ५० टक्क्यांच्या वर जाऊ लागला की सिलिका जेल तापवून पुन्हा कोरडे करावे. पूर्ण यंत्र मात्र प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नये, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. त्याला सुती चादर पुरते. महिन्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवल्याने आतली हवा कोरडी होते आणि बिघाड वेळेवर कळतो. एसएमपीएसच्या जाळीतून झुरळे आत जातात, म्हणून वापरात नसताना जाळीवर बारीक कापड लावावे आणि चालू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे.

जे दुरुस्त होण्यापलीकडे गेले, त्याच्या चिपा, कळा, स्क्रू आणि जोडण्या काढून नावासह ठेवाव्यात. उरलेला बोर्ड, कापून काढलेल्या बॅटऱ्या आणि फुटलेली चित्रनळी घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण त्यांत शिसे आणि कॅडमियम असते. त्या ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्याव्यात.