माउंटन बाइकला मोटर बसवताय? गुडघे, हात किंवा तोल साथ देत नसेल तर या चुका टाळा

बहुतेक जण किटची (साध्या सायकलला बसवायचा मोटर-बॅटरीचा संच) चौकशी मोटरपासून सुरू करतात: किती वॅट, किती वेग, एका चार्जमध्ये किती किलोमीटर. धडधाकट माणसाला हे चालून जातं. संधिवात, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा अर्धांगवायूनंतर कमजोर राहिलेला हात असेल, तर सुरुवात शरीरापासून करावी लागते. नेमकं काय जमत नाही? टांग टाकणं, पहिला जोर लावणं, ब्रेक दाबणं, की चढ चढणं? किट त्यावरून निवडायचं.

सेन्सरची निवड

सर्वात महागात पडणारी चूक इथे होते. मोटरने कधी आणि किती मदत करायची हे सेन्सर ठरवतो. टॉर्क सेन्सर महाग असतो म्हणून तोच चांगला, असं धरलं जातं. हा सेन्सर पेडलवरचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. म्हणजे ज्याच्या गुडघ्यात जोरच नाही, त्याला मदतही कमी. काही सेन्सर तर फक्त डाव्या बाजूचा जोर मोजतात. डावा पाय कमजोर असेल तर मोटर नुसती कुंथत राहते. पाय ठीक आहेत पण दम लागतो, अशांना मात्र टॉर्क सेन्सर छान जमतो.

गुडघे दुखत असतील तर कॅडन्स सेन्सर घ्या. पेडल फिरतंय एवढंच तो पाहतो. अडचण अशी की पेडल थोडं फिरल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, आणि सिग्नल सुटल्यावरची ती पहिली पाव फेरीच गुडघ्याला सगळ्यात जड जाते. त्यामुळे जोडीला थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायचा हँडलवरचा कंट्रोल, हवाच. पेडलसोबत फिरणारी सेन्सरची चकती ५-६ नव्हे, १२ मॅग्नेटची घ्या, म्हणजे मोटर लवकर जागी होते. चकती आणि सेन्सरमध्ये २-३ मिमी अंतर ठेवा. पेडल मारूनही मोटर गप्प आणि थ्रॉटलवर मात्र चालते, तर आधी हे अंतर आणि चकतीची बाजू तपासा. मोटरमध्ये काही बिघडलेलं नसतं.

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल दहा मिनिटांत नकोसा होतो. तिथे अर्धी मूठ फिरवायचा प्रकार बरा. मनगट आखडलेलं असेल तर नेमकं उलट. दुकानात हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

ब्रेक

किटसोबत कटऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) असलेले केबलचे लिव्हर येतात. ते बसवण्यासाठी मेकॅनिक चांगले हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक काढून टाकतो. पकड कमजोर असलेल्या माणसाच्या हातातून एका बोटाने लागणारा ब्रेक काढून घेणं धोक्याचं आहे, तेही सायकल ६-८ किलोने जड झाल्यावर. हायड्रॉलिक लिव्हर तसेच ठेवून त्यावर चिकटवायचा मॅग्नेटचा कटऑफ सेन्सर लावून घ्या. कटऑफ टाळू मात्र नका: कॅडन्स सेन्सरवर पेडल थांबल्यानंतरही मोटर क्षणभर ढकलत राहते. एकच हात चालत असेल तर दोन केबल ओढणारा एक लिव्हर मिळतो. केबलचे ब्रेक तेवढ्यासाठी चालतील.

मोटर कुठे

पुढच्या चाकातली मोटर बसवायला सोपी, पण माउंटन बाइकच्या सस्पेन्शन फोर्कवर ती नको. फोर्कचे खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमचे असतात. मोटरचा पीळ बसून तिथे तडा गेला तर चाक निखळतं. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरतं ते वेगळंच. हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) मागेच बसवा, आणि खरेदीआधी मोजा: साध्या फ्रेममध्ये मागची जागा १३५ मिमी असते, नव्या थ्रू-अॅक्सल (आरपार जाणाऱ्या जाड आसाच्या) फ्रेममध्ये १४८ मिमी. त्यात बाजारातली साधी हब मोटर बसत नाही. तिथे मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलपाशी बसणारी मोटर पाहावी, आणि तीही बॉटम ब्रॅकेटची (पेडलचा आस जिथे बसतो ती) नळी ६८ किंवा ७३ मिमी, आट्यांची असेल तरच सरळ बसते. हब मोटरचा आस फिरू नये म्हणून टॉर्क आर्म (आसाला फ्रेमशी जखडणारी पट्टी) लावाच. आस फिरला की पहिल्यांदा वायरी तुटतात.

बॅटरी आणि बसण्याची उंची

मागच्या कॅरिअरवर बॅटरी लावली की खुबा आखडलेल्या माणसाला मागून टांग टाकता येत नाही. वजनही उंच आणि मागे जातं, तोल बिघडतो. बॅटरी मधल्या त्रिकोणात, काढता येणारी हवी. लिफ्ट नसलेल्या चाळीत सायकल खाली आणि बॅटरी वर, हेच रोज जमतं. पडायच्या भीतीने सीट फार खाली घेऊ नका, त्याने गुडघा जास्त दुमडतो. पेडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा. गुडघा पूर्ण वळतच नसेल तर १७० मिमीऐवजी १५० मिमीच्या आसपासचे क्रँक (पेडलचे दांडे) लावा.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पेडलच्या मदतीने किलोमीटरला १०-१५ वॅट-तास लागतात, नुसत्या थ्रॉटलवर २० किंवा जास्त. पाय अजिबात न वापरणाऱ्याने १८ किलोमीटरच धरावेत.

चढावर बंद पडते?

मरीन ड्राइव्हला सुरळीत चालणारी सायकल केम्प्स कॉर्नरहून मलबार हिल चढताना अचानक मरते, आणि स्विच बंद-चालू केला की पुन्हा सुरू होते. हे बॅटरीच्या बीएमएसचं, म्हणजे बॅटरीला जपणाऱ्या सर्किटचं काम. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर २० अँपिअर ओढतो आणि बीएमएस १५ लाच वीज तोडतो. कंट्रोलर बॅटरीच्या मर्यादेच्या आतला घ्या. चढाआधी गिअर हलका करा. मोटर फिरण्याऐवजी थरथरत असेल तर आसापाशी चिमटलेली वायर किंवा हॉल सेन्सरचा (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारा) सैल कनेक्टर शोधा.

पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात. त्यांत डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) भरा. कंट्रोलरकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पाणी झुकलेल्या जागीच गळतं. साचलेल्या पाण्यातून हब मोटर नेऊ नका.

नियम: २५० वॅटहून कमी आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग असेल तरच नोंदणी लागत नाही. दुकानदाराने वेगमर्यादा काढून दिली तर ही सूट उरत नाही.

चार्जर बॅटरीचाच वापरा. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ चा ५४.६, आणि प्लग बऱ्याचदा सारखाच असतो. चार्जरवर रंगीत टेप लावून ठेवा. घराच्या दारात किंवा जिन्यात चार्जिंग करू नका: आग लागली तर पळायची वाट तीच, आणि हळू चालणाऱ्या माणसाला ती सगळ्यात आधी लागते.