कॉलेजच्या कबड्डी टीमवर वाद घालायचा तर असा घाला, अन् नवीन पोट्टे हेरायचे तर असे हेरा

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा चालू आहे अन् पानठेल्यावर रोज संध्याकाळी एकच विषय, पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या टीमचं कसं होते. मी स्वतः त्याच कॉलेजकडून तीन वर्ष खेळलो, आता वणीकडे शेती करतो, पण टीमचा नाद काही सुटला नाही, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिथे असेल तिथे जातो, कधी यवतमाळ कधी पार अमरावती. एवढ्या वर्षात पाहिलेली गोष्ट अशी की आपण लोक वाद भरपूर घालतो अन् त्यातून टीमच्या हाती काहीच पडत नाही. "त्याले काऊन घेतलं?", "माह्या गावचा पोट्टा याच्यापेक्षा भारी आहे", इथून सुरू होते अन् इथेच संपते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो, ज्याले पटेल त्यानं वापरावं.

पहिलं म्हणजे नावापासून सुरुवात करू नका, रिकाम्या जागेपासून करा. टीम १२ जणांची असते, ७ मैदानात अन् ५ राखीव. एक कागद घ्या, त्याच्यावर सात जागा काढा, दोन कॉर्नर, दोन कव्हर, दोन इन अन् एक सेंटर (या डिफेन्सच्या म्हणजे पकडीच्या जागा, रेडर म्हणजे चढाई करणाराही याच सातातला), आणि प्रत्येक जागेवर आज कोण उभा राहतो त्याचं नाव अन् तो कितव्या वर्षाले आहे ते लिहा. मग फायनल इयरवाल्यांची नावं खोडा. आता जे भोक दिसते ना कागदावर, वाद फक्त त्याच्यावर. आपल्या टीमचं मी केलं तर यंदा लेफ्ट कॉर्नर जाऊन राहिला, एक मेन रेडर जाऊन राहिला अन् राखीवमधले दोघं. म्हणजे आपल्याले काय पाहिजे, एक लेफ्ट कॉर्नर अन् एक रेडर. पण ठेल्यावर गेल्या महिनाभर जेवढी नावं आली ती सगळीच्या सगळी रेडरची! रेडर डोळ्यात भरतो, टाळ्या त्यालेच पडतात, प्रो कबड्डीत परदीप नरवालची डुबकी (वाकून हातांखालून निसटणं) पाहून प्रत्येक गावात चार डुबकीवाले तयार झाले, कॉर्नरवर जीव टाकून पाय धरणारा मात्र कोणी मोजत नाही. पाच रेडर घेऊन टीम होत नाही भाऊ.

खोडताना एक चूक नेहमी होते. पोट्टा फायनल इयरले आहे म्हणजे गेलाच असं नाही, तो एमए नाहीतर बीपीएडले रेग्युलर ॲडमिशन घेत असेल तर खेळू शकतो, विद्यापीठाच्या स्पर्धेत वयाची अट १७ ते २५ आहे अन् पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी पाहिजे. म्हणून त्याले सरळ विचारा की बाबू तुह्या पुढचा विचार काय आहे. अर्धे वाद या एका प्रश्नानं मिटतात.

आता मोजायचं कसं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार कारण इथेच सगळ्यात जास्त चुकते. मॅच पाहायले जाताना शाळेची साधी वही अन् पेन न्या. रेडरसाठी चार रकाने पाडा: रेड किती मारल्या, पॉइंट किती रेडमध्ये आणला, रिकामी किती आला, आउट किती झाला. समजा एकानं १२ रेड मारल्या, ६ मध्ये पॉइंट अन् ६ वेळा आउट. दुसऱ्यानं २० मारल्या, ६ मध्ये पॉइंट, १२ रिकाम्या अन् २ वेळा आउट. ठेल्यावर पहिला हिरो होते, कारण त्याचे पॉइंट धडाधड आले. पण तो ६ वेळा बाहेर जाऊन बसला, त्याले आत आणायसाठी दुसऱ्या कोणीतरी पॉइंट काढावा लागला, तोपर्यंत टीम एक माणूस कमी घेऊन डिफेन्स करत होती, अन् मेन रेडर बाहेर असतानाच बहुतेक लोन चढतो, म्हणजे सगळी टीम आउट होते, समोरच्याले त्याचे २ पॉइंट वेगळे. म्हणून पाचवा रकाना पाडा, बाहेर किती वेळ बसला. घड्याळ लावून मिनिटं लिहा. हा रकाना एकदा भरला की तुमचं मत बदलेल, माझं बदललं.

तरी दुसराच चांगला असंही लगेच म्हणू नका. जिथे तिसऱ्या रेडचा नियम लावतात तिथे टीमच्या सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात पॉइंट आणावाच लागते, नाहीतर रेडर आउट. तेव्हा बारा रिकाम्या आणणाऱ्यानं ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलं का ते पाहा. वहीत अशा तिसऱ्या रेडले गोल करा अन् ती कोण मारते, काय घेऊन येते ते लिहा. आपल्या टीममध्ये ती रेड मारणारा पोट्टा शांत स्वभावाचा आहे, त्याचं नाव ठेल्यावर मी आजवर एकदाही ऐकलं नाही, अन् माह्या वहीप्रमाणे त्याच्याशिवाय आपण गेल्या स्पर्धेत दुसऱ्याच राउंडले घरी आलो असतो.

बोनस, म्हणजे मागची बोनस लाइन ओलांडून मिळणारा पॉइंट, तोही वेगळा लिहा. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तेव्हाच बोनस मिळते, म्हणजे नुसत्या बोनसवर जगणारा रेडर समोर पाच उरले की एकदम सुकतो. अशा पोट्ट्याले तीन-चार जणांसमोर रेड मारताना पाहिल्याशिवाय त्याच्यावर मत बनवू नका.

डिफेन्सचं मोजणं अवघड आहे पण करा. किती वेळा हात टाकला अन् किती वेळा गडी धरला एवढं तरी लिहा. त्यात बारीक गोष्ट ही की पहिला हात कोणी टाकला. कॉर्नरवाला घाईनं घुसला, रेडर सुटला, तर मागे चेनमधला (हात धरून उभा असलेला) कव्हरही टच होऊन जाते अन् लोक शिव्या कव्हरले देतात. अन् आपले तीन किंवा कमी गडी उरले असताना जो पकड करते त्याच्या नावापुढे मोठी फुली मारा, सुपर टॅकलचे २ पॉइंट मिळतात म्हणूनच नाही, तर त्या वेळी पाय न थरथरणारा माणूस शिकवून तयार होत नाही, तो सापडावा लागते.

नवीन पोट्टे कुठे पाहायचे

हे सांगायची तशी गरज नाही, पौषापासून पार फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे गावोगाव सामने असतात, वजन गटाचे वेगळे अन् खुले वेगळे. पण पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, वजन. ५५ किलो गटात जो वाघ दिसते तो विद्यापीठाच्या मॅचमध्ये तसाच दिसेल असं नाही, तिथे पुरुषांच्या वजनाची मर्यादा ८५ किलो आहे, म्हणजे समोर ७५-८० चे गडी उभे राहतात, अन् आपल्या पोट्ट्याचा थाय होल्ड त्यांच्या मांडीभोवती पुरतही नाही. म्हणून वजन गटात आवडलेला पोट्टा खुल्या सामन्यात एकदा पाहा, नाही खेळत असेल तर त्याच्या गावच्या मोठ्या पोट्ट्यांसोबत सरावात पाहा. त्याच्या हाताची लांबी पाहा, मनगट पाहा, बापाची अन् काकाची अंगकाठी पाहा, १७ वर्षाचा पोट्टा दोन वर्षात किती भरेल याचा अंदाज त्याच्यावरून येते. अन् हेही विचारा की काट्यावर उभं राहायच्या आधी त्यानं काय केलं. दोन दिवस उपाशी, पाणी बंद, उन्हात स्वेटर घालून पळणं, हे चालते आपल्याकडे अन् आपण मोठे माणसं ते पाहून हसतो. हे बंद व्हायले पाहिजे. वाढत्या वयाच्या लेकराचं वजन तोडून आणलेलं बक्षीस मले नको वाटते. त्याच पोट्ट्याले उलट सांगा, चणे खा, अंडे खा, दूध पी, भाकर पोटभर खा, पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळ.

दुसरं, माती अन् मॅट. गावात माती, विद्यापीठात मॅट. मातीवर अनवाणी वळणारा पोट्टा मॅटवर बूट घालून पहिल्यांदा उतरला की पाय चिकटते, शरीर वळते अन् गुडघा तिथेच राहते. पहिल्या महिन्यात त्याचा खेळ अर्धा दिसतो म्हणून त्याले लगेच फेल ठरवू नका, मी म्हणतो सहा-आठ आठवडे त्याच्यावर एक अक्षर बोलू नका.

पोरींची टीम विसरू नका. आपल्या तालुक्यात बारावीपर्यंत खेळणाऱ्या पोरी कमी नाहीत अन् त्यांच्यावर ठेल्यावर कधी पाच मिनिटं वाद झाला का सांगा. कागद, वही, रकाने सगळं तेच. मैदान त्यांचं १२ बाय ८ मीटर, पोरांचं १३ बाय १०, वजनाची मर्यादा ७५ किलो. फक्त घरी बोलायले जाताना वहिनीले किंवा एखाद्या मॅडमले सोबत न्या, सरावाची वेळ अन् घरी सोडायचं कोण हे आधी ठरवून जा.

घरी जाऊन बोलणं, सगळ्यात महत्त्वाचं

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चार जणांनी मिळून एक लेफ्ट कॉर्नर शोधला होता, असा अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, मी त्याच्याआधी तालुक्यात पाहिला नव्हता. जूनमध्ये ॲडमिशन झाली, ऑगस्टपर्यंत पोट्टा रोज सरावाले. सप्टेंबरच्या शेवटी यायचा बंद झाला. मी गावात गेलो तर तो बापासोबत सोयाबीन सोंगत होता. बाप म्हणे, "भाऊ, तुमचा सराव साडेसहाले सुटते, आमची शेवटची गाडी सहाची, पोरगं आठ दिवस स्टँडवर झोपलं, तुम्हाले मालूम तरी हाय का?" आम्हाले मालूम नव्हतं. आम्ही त्याचे टॅकल मोजले, त्याची बस मोजली नाही. तो पोट्टा परत कधी कॉलेजकडून खेळला नाही अन् ते माह्या मनातून जात नाही.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. सामन्यात पोट्टा आवडला की महिनाभराच्या आत त्याच्या घरी जातो, शक्यतो बाप घरी असताना, म्हणजे वेचणीच्या दिवसात रात्री आठनंतर. पहिल्या भेटीत कॉलेजचं नाव काढत नाही, त्याचा खेळ चांगला आहे एवढं आईसमोर सांगतो, कारण बहुतेक घरात ते कोणीच सांगितलेलं नसते. मग विचारतो, शेती किती, घरी कामाले कोण, वेचणीले मजूर भेटते का, बहिणीचं लग्न काढलं का. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नेमक्या सोंगणी-वेचणीच्या दिवसात येतात, त्या आठ दिवसांसाठी घरच्यांची सोय लागत नसेल तर नुसतं "पोराले पाठवा" म्हणून काय फायदा. आमच्यातल्या दोघांनी मागच्या वर्षी एका पोट्ट्याच्या घरी स्पर्धेच्या दिवसात वेचणीले माणसं लावून दिली, पोट्टा खेळून आला.

येण्याजाण्याचं तिथेच बसून ठरवा. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागते, पण गाडीचा टाइमच जमत नसेल तर पासचा उपयोग नाही, मग खोली किंवा वसतिगृह पाहावं लागते. अल्पभूधारकांच्या अन् नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, अटी अन् कागदं कॉलेजच्या ऑफिसमधून आधीच विचारून घ्या म्हणजे बापासमोर अंदाजे बोलावं लागत नाही. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, टीसी यासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, जानेवारीतच फाइल करा.

अन् खोटं बोलू नका. "तुमच्या पोराले नोकरी लागते" असं सांगणारे मी पाहिले. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्याले विशिष्ट पातळीच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी असते, नुसतं कॉलेजकडून खेळल्यानं होत नाही. खरं सांगा: कॉलेजकडून खेळला की विद्यापीठाच्या निवडीत दिसेल, तिथे निवडला तर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळेल, कलर कोट म्हणजे विद्यापीठाचा मानाचा कोट मिळेल, विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत वेगळा उतरते तिथला रस्ताही इथूनच जवळ पडते, अन् डिग्री होईल. डिग्रीवर जोर द्या, बापाले तेच ऐकायचं असते अन् ते बरोबरही आहे. दुसऱ्या कॉलेजात रमलेला पोट्टा अर्ध्या वर्षात ओढून आणायचा नाही, वयाचे दाखले बदलायचे नाही, कोणी सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

आता वादाबद्दल दोन शब्द. व्हॉट्सॲपवर पोट्ट्याचं नाव घेऊन "याच्यामुळे हारलो" असं लिहू नका, तो ग्रुप त्याचा मामा वाचते, बहीण वाचते, तो स्वतः वाचते. जागेवर बोला, कॉर्नर कमी पडला म्हणा, आकडा द्या. "माह्या गावचा" अन् "आपल्यातला" हे दोन शब्द वादात आले की मी तरी उठून जातो. अन् टीम निवडणं सरांचं काम आहे, आपलं नाही. आपण काय करायचं, तर वहीतले आकडे एका पानावर उतरवून, हेरलेल्या तीन-चार पोट्ट्यांची नावं अन् घरची परिस्थिती लिहून मार्चमध्ये सरांले नेऊन द्यायचं. आमच्या सरांनी पहिल्या वर्षी ते पान घडी करून खिशात ठेवलं, दुसऱ्या वर्षी स्वतः फोन करून मागितलं.

१९३६ साली बर्लिनले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी जगाले आपले देशी खेळ दाखवले, कबड्डी त्यात होती, आपण त्याच मातीतले आहोत. म्हणून सांगतो, यंदा लेफ्ट कॉर्नरची जागा रिकामी आहे. संक्रांतीच्या सामन्यात कोणाले तसा पोट्टा दिसला तर त्याच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून या, मग नाव सांगा, त्या रविवारी मी गाडी काढतो, दोघं मिळून त्याच्या घरी जाऊ.