कोकणच्या तांबड्या मातीत लागवड करताना या चुका टाळा

देशावरच्या काळ्या जमिनीसाठी दिलेला सल्ला जसाच्या तसा कोकणात वापरणे ही नव्या बागाइतदारांची सर्वांत मोठी चूक आहे. काळी माती चुनखडीयुक्त, पाणी धरून ठेवणारी आणि बहुधा विम्लधर्मी (अल्कधर्मी, आम्लाच्या उलट) असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून मात्र दरवर्षीचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेतो, मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात आणि सामू (pH; सातच्या खाली म्हणजे आम्ल) बहुधा 5 ते 6.5 च्या दरम्यान राहतो. अशा मातीत सामू उतरवण्यासाठी गंधक टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला होता, जमीन पाहिली नव्हती.

दुसरी चूक सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरच्या, खड्ड्यांची आहे आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण दर पावसाळ्यात ती कोणी ना कोणी करतोच. राजापूरकडच्या एका सड्यावर आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी यंत्राने कातळ फोडून मीटरभर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे काढले, त्यांत विकतची तांबडी माती व शेणखत भरले आणि जूनमध्ये हापूसची कलमे लावली. माती निचऱ्याची असल्याने पाणी साचणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु खड्ड्याचा तळ आणि चारही बाजू अखंड कातळाच्या असतील, तर निचऱ्याची मातीसुद्धा हौदातच बसलेली असते. गणपतीपर्यंत पाने पिवळी पडली. गृहस्थांनी ती नत्राची (नायट्रोजनची) कमतरता समजून युरिया दिला आणि उरलीसुरली कलमेही गेली. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. खड्डा भरण्यापूर्वी त्यात काठोकाठ पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे, हा माझा शिरस्ता आहे. पाणी तसेच उभे असेल, तर उताराच्या बाजूने तळापर्यंत चर फोडून त्याला वाट करून द्यावी, आणि तेवढा खर्च झेपत नसेल तर ती जागा सोडून द्यावी. वर मातीचा उंचवटा केल्याने तळाचा दोष जात नाही.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीतही घाई नडते. आम्ल मातीतली लोह-ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरद पकडून ठेवतात, त्यामुळे सुपर फॉस्फेट जमिनीभर फेकणे म्हणजे बराचसा पैसा मातीत अडकवणे होय. मी ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांच्या जवळच देतो. आंबा-काजूसारख्या झाडांना रॉक फॉस्फेट चालते, कारण याच आम्लतेमुळे ते हळूहळू विरघळते.

आम्लता कमी करणारा चुना अंदाजाने घालू नये. भाजीपाल्याला त्याचा उपयोग होतो. भाताच्या खाचरात पाणी उभे राहिले की सामू आपोआप वर सरकतो, म्हणून तेथे तो सहसा लागत नाही. चुना किंवा चुलीतली राख युरियाबरोबर मिसळू नये, कारण नत्र अमोनिया होऊन उडून जाते. ताजे शेण वाळवी आणि हुमणीला आमंत्रण देते. मुसळधार पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नये. पालापाचोळा जाळू नये, झाडाच्या आळ्यात पसरावा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ लागू लागले, तर ते रोपांना देणे थांबवावे.

राहता राहिले माती परीक्षण. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची मूठभर माती पिशवीत भरून पाठवणाऱ्याला अहवालही तसाच मिळतो. हंगामी पिकांसाठी शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि उरलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवून पाठवावी. फळबागेसाठी खालच्या थरांचे नमुने वेगळे घ्यावेत. हे काम खत घालण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्येच उरकावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत खताची पोती घरी आणू नयेत.